आर्ट्सला जाणे म्हणजे वाया जाणे का?



बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन रविवार मिस्सा संपल्यावर चर्चच्या दाराशी एकच विषय असतो : पोरांना पुढे कुठे घालायचे? परवा एक पालक मुलीला घेऊन भेटायला आले. तिला आर्ट्सला जायचे आहे. जवळच्या गावातल्या छोट्या अनुदानित कॉलेजात, एस.टी.च्या पासवर जाऊन-येऊन, मराठी आणि तत्त्वज्ञान शिकायचे आहे. वडील म्हणाले, "फादर, तुम्हीच समजवा हिला. आर्ट्स करून काय मिळणार? आपल्यासारख्यांचे काम आहे का ते?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी लगेच उत्तर दिले होते. त्याला इतिहास शिकायचा होता. "घरची परिस्थिती बघ, इंजिनिअरिंगला जा," असे मी म्हणालो. तो गेला. विषय राहत गेले, कर्ज वाढत गेले आणि तिसऱ्या वर्षी त्याने शिक्षण सोडले. सेमिनरीत शिकलेल्या तत्त्वज्ञानावर मी स्वतः आजवर उभा आहे. आणि दुसऱ्याच्या लेकराला मात्र 'तुला ते परवडणार नाही' असे सांगून मोकळा झालो. ती बोच अजून गेलेली नाही.

म्हणून त्या वडिलांचे शेवटचे वाक्य माझ्या मनात राहिले. 'आपल्यासारख्यांचे काम आहे का ते?' हा प्रश्न फार जुना आहे. प्राचीन ग्रीसमध्ये शिक्षणाचे दोन वाटे होते. स्वतंत्र नागरिकाने विचार करायला, बोलायला, न्याय-अन्याय तोलायला शिकायचे. गुलामाने फक्त काम शिकायचे. विचार करायला उसंत लागते आणि ती उसंत गुलामांच्या कष्टांतून येत असे. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान यांना 'मोकळ्या माणसाचे शिक्षण' हे नाव तेव्हापासूनचे आहे. आज गुलामगिरी नाही. पण गरिबाच्या मुलाला 'तू फक्त कामापुरते शीक' असे आपणच सांगतो, तेव्हा तोच जुना वाटा आपण आपल्या हाताने पदरात घेतो.

वडिलांची काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही. भाकरीचा प्रश्न हलका नाही. बी.ए. होऊन घरी बसलेली मुले आपण पाहतो, आणि नुसती पदवी चूल पेटवत नाही. पण कर्ज काढून नको असलेला कोर्स अर्धवट सोडला, तरी चूल पेटत नाही. 'पोट कसे भरणार?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो एकच प्रश्न विचारणे मात्र बरोबर नाही.

आपल्या खानदेशाने हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारले होते. पारोळ्यावरून पुढे गेले की अमळनेर. तिथे कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. भोंग्यावर चालणाऱ्या त्या गावात देशभरातून विद्वान तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी येत. साने गुरुजी याच तत्त्वज्ञान मंदिराच्या ओढीने अमळनेरला आले आणि १९२४ ते १९३० या काळात तिथल्या शाळेत शिक्षक होते. पुढे १९४५ साली तिथे प्रताप महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी, त्याच गावात वनस्पती तेलाची ती कंपनी निघाली, जिला आज जग विप्रो म्हणून ओळखते. तेलाचा कारखाना आणि कॉलेज एका गावाला जड झाले नाहीत.

दुसरे उदाहरण तर आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेवरच छापलेले असते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग शहाणपणासाठी कॉलेज कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती घरातल्या लिहित्या हातांनी ती उतरवून ठेवली म्हणून, आणि पुस्तक निघाले ते १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर. आपल्या घरांतल्या किती आजींचे बोल असे कोणी लिहून न घेतल्यामुळे विरून गेले असतील? आपल्या माणसांचे ऐकणारे, समजून घेणारे आणि मांडणारे कोणीतरी आपल्याच घरातून शिकायला हवे.

आणखी एक गोष्ट. अनुदानित कॉलेजातल्या प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे लोकांच्या पैशातून होतो. काडेपेटी विकत घेणारी मजूर बाईही त्या तिजोरीत कर भरते. तेव्हा तिथला बाक ही आपल्यावर कोणी केलेली मेहेरबानी नाही. त्यावर आपला हक्क आहे. आणि हक्क आहे म्हणूनच जबाबदारीही आहे. नुसती हजेरी लावून परीक्षेच्या आधी गाईड पाठ करायची असेल, तर तो बाक दुसऱ्याला द्यावा. छोट्या कॉलेजात वर्गात थोडी मुले असतात, सर नावाने ओळखतात. विचारायचे ठरवले तर विचारता येते.

शेवटी मी त्या मुलीला म्हणालो, "बेटा, जा. पण रोज वर्गात बस, ग्रंथालयाचे कार्ड झिजव आणि पदवीनंतर काय करायचे ते पहिल्या वर्षापासून ठरवायला लाग." वडिलांना म्हणालो, "भाऊ, तीन वर्षे तिला हे विचारा की आज काय शिकलीस. काय मिळणार, हे त्यानंतर विचारू."

ते काही बोलले नाहीत. पण जाताना त्यांनी मुलीच्या हातातला प्रवेशाचा फॉर्म स्वतःकडे घेतला आणि नीट घडी करून खिशात ठेवला.

आपला,
फादर