नकळत आत आलेले

धारहून इंदूरमार्गे देवासला बसने जाताना खिडकीबाहेर किती दृश्ये सरकत जातात! आपण शेजाऱ्याशी बोलण्यात गुंतलेले असतो. देवीची टेकडी तेवढी लक्षात राहते. रात्री मात्र स्वप्नात एखादा अनोळखी दरवाजा उभा राहतो. तो कोठून आला?

व्हिएन्नाचे मज्जाविकारतज्ज्ञ ओटो पोट्झल यांनी १९१७ साली याचाच शोध घेतला. एक चित्र सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते दाखवायचे आणि दिसले तेवढे काढायला सांगायचे. त्या रेखाटनातून जे सुटले, तेच रात्रीच्या स्वप्नात आल्याचे त्यांना आढळले. पुढील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. अनुभव मात्र आपल्या ओळखीचा आहे.

रूपाचे तसेच नादाचे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच पंडित कुमार गंधर्व, क्षयाने ग्रस्त होऊन १९४८ मध्ये देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणाला खिळलेल्या त्या गायकाच्या कानांवर माळव्यातील बायकांची गाणी, नाथपंथीयांची भजने पडत राहिली. कान तर मिटता येत नाहीत! पुढे त्याच लोकधुनांतून मालवती, संजारी यांसारखे राग उभे राहिले; १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला.

शरण सांगतात, डोळ्यांना रूप लाभले, कानांना शब्द लाभला, तर तो आधी लिंगाला अर्पावा, मग प्रसाद म्हणून घ्यावा. पण जे नकळत आत शिरले त्याचे अर्पण कसे करावे? स्वप्नात मलिन चित्र आले, तर दोष कोणाचा?

मला वाटते, आत शिरण्याचा दोष आपला नाही. पण ते वर येते, तेव्हा आपण जागे होतो. अर्पणाची वेळ ती. कुमारजींनी मनात घोळणारे सूर तसेच गायले नाहीत. लोकगीते गोळा केली, स्वरांत लिहिली, पारखली. आपणही वर आलेले पारखावे. घ्यायचे ते घ्यावे, बाकीचे सोडावे.

आणि एक. घरात दूरदर्शन चालू असतो, मोठ्यांचे भांडण जुंपलेले असते, मूल कोपऱ्यात खेळत असते. “त्याचे लक्ष नाही,” असे आपण म्हणतो. त्याच्या आत काय चालले आहे, हे त्याला स्वतःला पारखता येत नाही. तोवर ते काम कोणाचे? आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी एवढे स्वतःला विचारावे.