न पाहिलेला शत्रू

ज्यांच्याशी लढावयाचे त्यांस एकदा पाहावे म्हणून अर्जुनाने रथ उभय सेनांच्या मध्ये नेवविला. त्याला विषाद झाला तो त्या दर्शनाने. १९४२ च्या मे महिन्यात कोरल समुद्रात अमेरिका व जपान यांची आरमारे झुंजली, परंतु एकाही जहाजास शत्रूचे जहाज दिसले नाही. लढली ती विमानवाहू नौकांवरून उडालेली विमाने. मग विषाद व्हावा कोणाला, आणि त्यावाचून गीता तरी ऐकावी कोणी?

तथापि या युद्धात करुणा उरलीच नाही, असे आम्हांस म्हणवत नाही. २० जून १९४४ रोजी फिलिपाईन समुद्रावर परतणारी अमेरिकन विमाने काळोखात चाचपडत होती, इंधन संपत आले होते. पाणबुड्यांचे भय असताही सेनानी मिट्शर यांनी जहाजांवरील दिवे लावविले. सुमारे ऐंशी विमाने समुद्रात पडली वा मोडली, पण बहुतेक वैमानिक वाचले. ते दिवे आम्हांस वंद्यच वाटतात. मात्र त्याच वैमानिकांनी त्या सायंकाळी बुडविलेल्या ‘हियो’ या जपानी नौकेवरील माणसेही पाण्यातच होती. दोनशेहून अधिक मैलांवर. त्या दिव्यांचा उजेड तेथवर पोचणारा नव्हता.