सक्तीचा पाहुणचार

दारी आलेल्यास ठाव द्यावा, हे आपल्या खेड्यांत कोणास शिकवावे लागत नाही. परंतु तोच ठाव सरकारी हुकुमाने द्यावा लागला, तर त्यास पाहुणचार म्हणावे की वेठ? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील खेड्यापाड्यांस हा प्रश्न उंबरठ्यावर उभे राहून सोडवावा लागला. ज्या सामान्य नागरिकाकडे तो सोडवून घेण्याचे काम आले, त्याच्या कर्तव्याविषयी आम्ही येथे थोडा विचार करू इच्छितो.

ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले. त्याच्या दोन दिवस आधीच, बाँबच्या भयाने, लंडन, लिव्हरपूल, मँचेस्टर आदी शहरांतून माणसे हलविण्यास आरंभ झाला होता. थोड्याच दिवसांत सरकारी योजनेने सुमारे १५ लक्ष माणसे बाहेर गेली. त्यांत ८ लक्षांवर शाळकरी मुले होती; त्यांचे आईबाप मागे राहिले, सोबतीस केवळ शिक्षक. कोटास नावाची चिठ्ठी, खांद्यास विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा व हाती कपड्यांचे गाठोडे, एवढीच त्यांची शिदोरी. ह्या सर्वांस लोकांच्या घरांतच ठेवावे, आणि कोणी नाकारील त्यास कायद्याने भाग पाडावे, अशी शिफारस सर जॉन अँडरसन ह्यांच्या समितीने १९३८ सालीच केली होती. राहण्याजोग्या खोलीमागे एक माणूस, हे माप ठरले. एका मुलामागे आठवड्यास साडेदहा शिलिंग, आणि अधिक मुले असल्यास प्रत्येकी साडेआठ शिलिंग, हा भत्ता.

ही बिऱ्हाडे लावून देणारा बिलेटिंग ऑफिसर बहुधा त्याच पंचक्रोशीत राहणारा असे. त्याच्या हाती कायदा होता खरा, परंतु शेजाऱ्यांचे तोंड त्यास रोज पाहावयाचे होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी सोपी वाट धरण्यात आली: मुलांस सभागृहात उभे करावे, आणि यजमानांनी येऊन हवे ते मूल निवडून न्यावे. शेतकऱ्यांनी अंगापिंडाने मजबूत मुलगे नेले; गृहिणींनी नीटनेटक्या लहान मुली नेल्या. मळक्या कपड्यांची, आजारी दिसणारी, आणि एकमेकांचे हात न सोडणारी तीन-चार भावंडे मागे राहिली. बैलबाजारात न खपलेले जनावर घरी तरी परत जाते; ह्यांस तीही सोय नव्हती. मग दिवे झाकून ठेवण्याचा हुकूम असलेल्या त्या संध्याकाळी उरलेल्यांस घेऊन दारोदार हिंडावे लागे, आणि ‘आमच्याकडे जागा नाही’ हे शब्द मागे उभे असलेले मूल ऐकत असे.

ह्या रीतीचा बचाव असा करतात की, आपण होऊन नेलेल्या मुलास माया लाभते, लादलेल्या मुलास लाभत नाही. हा बचाव अगदीच पोकळ नव्हे. कायदा खोली उघडवील, अंथरूण घालवील. माया काही त्याच्या हुकुमात नाही. काही घरांत मुलांचे हाल झाले, हेही खरेच. परंतु ही निवड सोय पाहते ती कोणाची? यजमानाचा संकोच वाचतो, अधिकाऱ्याचे वैर वाचते, आणि दोघा थोर माणसांच्या ह्या सोयीचे मोल सात वर्षांचे पोर भरते. ‘हे मूल तुमचे, ह्या दोघी बहिणी तुमच्या,’ असे आधीच यादी करून सांगणे कठोर दिसते. तथापि त्यात वेठ होते ती यजमानाची. अपमान कोणाचाच होत नाही.

आणि सक्ती ढिली पडली की भार कोणावर पडतो? ज्यांच्याकडे खोल्या फार, त्यांच्याकडे सबबीही फार. मोठ्या घरांनी अंग काढून घेतले व मजुरांच्या लहान घरांत दाटी झाली, अशा तक्रारी त्या काळी पुष्कळ झाल्या. इव्हलिन वॉ ह्यांच्या १९४२ सालच्या ‘पुट आउट मोअर फ्लॅग्ज’ ह्या कादंबरीत एक लबाड मनुष्य बिलेटिंगचे काम हाती घेतो, तीन महाउपद्रवी भावंडे सुखवस्तू घरांवर लादतो, आणि ती परत नेण्याचे पैसे उकळतो. गोष्ट थट्टेची आहे. पण पैसे न घेताही, केवळ भिडेपोटी, बंगल्याचे दार न ठोठावणारा अधिकारी आम्हांस त्याच्याहून फारसा बरा वाटत नाही.

मातांच्या बाबतीत मात्र सक्तीही हरली. तान्ह्या मुलांसह आलेली शहरी स्त्री आणि घरची यजमानीण, अशा दोघी एका चुलीपाशी! त्यातच बाँबही लवकर पडले नाहीत. जानेवारी १९४० पर्यंत बहुतेक माता शहरांत परतल्या, आणि एकटी आलेली मुलेही पुष्कळ गेली. पुढे त्याच वर्षी लंडनवर खरोखर बाँब पडू लागले, तेव्हा माणसे पुन्हा हलवावी लागली.

म्हणून बिऱ्हाड लावून दिले की काम आटोपले, असे नव्हते. यजमानिणीच्या देखत ‘कसे काय चालले आहे?’ असे विचारले, तर ‘बरे आहे’ एवढेच उत्तर येणार. मुलास शाळेच्या वाटेवर एकटे गाठूनच विचारावयास हवे. आणि उत्तर वाईट आले, तर त्याच शेजाऱ्याच्या दारी पुन्हा जाऊन मूल काढून न्यावयाचे, मग गावातील बाकीची घरे भरलेली का असेनात.