संमती आणि ऋण

स्वतःचे प्राण पणाला लावणे आणि दुसऱ्याचे लावणे यांत नैतिक अंतर आहे. स्वनिर्मित ग्लायडरमधून सुमारे २००० उड्डाणे करणारा जर्मन ओटो लिलिएन्थाल १८९६ साली अशाच एका उड्डाणात कोसळून मरण पावला. साहस त्याचे, मोलही त्यानेच मोजले. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत फोर्ट मायर येथील लष्करी चाचणीत ऑर्व्हिल राइटच्या विमानाचा प्रोपेलर भंगला. ऑर्व्हिल जबर जखमी होऊन वाचला. सहप्रवासी लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मृत्युमुखी पडला. तो जाणकार होता, स्वेच्छेने बसला होता. परंतु जो दोष निर्मात्यालाही अज्ञात होता, त्याला संमती कशी देता येईल? संमतीने निर्माता अपराधमुक्त होतो, ऋणमुक्त नव्हे. राइट बंधूंनी कारण शोधले, १९०९ साली सुधारलेले विमान उडविले. अशा ऋणाची फेड एवढीच करता येते. ती पूर्ण मात्र होत नाही.