कौल कोणाचा?

धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न सर्वच समाजांत केव्हा ना केव्हा उभा राहतो. मनूने वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या अंतःकरणास जे प्रिय ते, अशी धर्माची चार लक्षणे सांगितली, आणि त्यांच्यांत विरोध आल्यास बलाबल कसे ठरवावे याचा खल आपल्या मीमांसकांनी व निबंधकारांनी पिढ्यान् पिढ्या केला. परंतु ज्याची आज्ञा यच्चयावत् हिंदूंवर बंधनकारक व्हावी असे एकच पीठ आपल्यांत कधी नव्हते. आणि म्हणून अशा पीठाविरुद्ध बंड करण्याचा प्रसंगही आपल्यावर आला नाही. रोमन कॅथलिक पंथात असे पीठ होते व आजही आहे. १५२१ साली वर्म्सच्या राजसभेपुढे मार्टिन ल्यूथरने धर्मग्रंथाच्या आणि आपल्या सदसद्विवेकबुद्धीच्या बळावर त्या पीठापुढे मान तुकविण्याचे नाकारले, तेव्हापासून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातील वादाचे मूळ तेथेच आहे. पापक्षालन, मूर्ती, संतपूजा, प्रभुभोजन हे सारे वाद त्या एका वादाच्या फांद्या होत. वकिली करणाऱ्याला ही गोष्ट चटकन उमजते. दाव्यातील मुद्दे कितीही असोत, या न्यायालयास अधिकारक्षेत्र आहे की नाही, हा मुद्दा आधी निकालात काढावा लागतो.

या वादाची एक बैठक मला फार मननीय वाटते. ती भरली पॅरिसमध्ये, १६७८ सालच्या मार्च महिन्यात, आणि भरविली एका स्त्रीने. मादमुआझेल द दुरास ही फ्रान्समधील एका बड्या सरदारघराण्यातील प्रॉटेस्टंट स्त्री. तिचा मामा, विख्यात सेनापती त्युरेन, दहा वर्षांपूर्वी म्हणजे १६६८ साली कॅथलिक झाला होता. आता तिच्याही मनात चलबिचल सुरू झाली होती. तिने दोन्ही पक्षांच्या श्रेष्ठ पंडितांना आपल्यासमोर बसवून वाद ऐकण्याचे ठरविले. कॅथलिकांकडून आले युवराजाचे शिक्षक आणि त्या काळचे अद्वितीय वक्ते बोस्युए. प्रॉटेस्टंटांकडून आले पॅरिसजवळील शारांतोंच्या प्रार्थनामंदिराचे धर्मोपदेशक झां क्लोद. वाद एकाच मुद्द्यावर करावयाचा होता : चर्चचा अधिकार.

बोस्युए यांनी उलटतपासणीची सुरुवात मोठ्या कौशल्याने केली. त्यांनी स्वपक्षाचे ग्रंथ बाजूला ठेवून प्रॉटेस्टंटांचेच शिस्तीचे नियम पुढे मांडले. तुमचे प्रतिनिधी राष्ट्रीय धर्मसभेला येताना, सभा जे ठरवील ते आम्ही मानू, असे लिहून आणतात की नाही? प्रत्येक मंडळीने आपल्यापुरता स्वतंत्र निर्णय करावा असे म्हणणाऱ्यांना तुमच्याच धर्मसभेने दोषी ठरविले की नाही? मग धर्मसभेपुढे नमणे तुम्हांसही आवश्यकच वाटते. फक्त आमच्या धर्मसभेपुढे नमणे तेवढे तुम्हांस गुलामगिरी वाटते! आणि तसे नसेल, तर मग तुम्हांस हे मान्य केले पाहिजे की, एखादी अडाणी व्यक्तीही, सारे चर्च एका बाजूला असताना, ईश्वरी वचनाचा अर्थ आपल्याला त्या सर्वांहून अधिक कळला असे मानू शकते. हा अहंकार नव्हे काय?

युक्तिवाद चोख आहे. ज्यांनी एक पीठ मोडले त्यांना आपला संसार चालविण्यासाठी दुसरे उभारावे लागले, ही गोष्ट खरीच होती. आपल्याकडेही रूढी मोडून निघालेल्या पंथांच्या दुसऱ्या पिढीने नव्या रूढी किती कडकपणे पाळल्या याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही.

क्लोद यांचे उत्तर तितकेच तोलामोलाचे होते. येशूला यहुद्यांच्या अधिकृत धर्मसभेने दोषी ठरविले, त्या दिवशी एखादा सामान्य यहुदी जेरुसलेमच्या रस्त्यात उभा असता तर त्याने काय करावयास हवे होते? व्यक्तीने धर्मपीठाच्या निर्णयापलीकडे पाहू नये हा नियम खरा असेल, तर येशूला नाकारणारा तो यहुदी निर्दोष ठरेल, आणि येशूला मानणारा त्याचा शेजारी अहंकारी! बोस्युए यांनी यावर, त्या वेळी स्वतः ख्रिस्त प्रत्यक्ष उभा होता, म्हणजे सभेहून श्रेष्ठ असा दृश्य अधिकार लोकांच्या डोळ्यांसमोर होता, असे प्रत्युत्तर दिले. परंतु उभा आहे तो ख्रिस्तच, हे ओळखावयाचे कोणी? ते तर त्या बिचाऱ्या यहुद्यालाच ओळखावयाचे होते. ते ओळखणे हाच तर निर्णय. क्लोद बोलत असता ऐकणाऱ्यांसाठी आपल्या मनाचा थरकाप होत होता, असे बोस्युए यांनी मागाहून स्वतःच नमूद केले आहे. प्रतिपक्षाच्या वकिलाला इतका मोठा मानाचा मुजरा मी तरी न्यायालयात ऐकलेला नाही.

दुरासबाईने त्याच महिन्यात कॅथलिक पंथ स्वीकारला. दोघा वादपटूंनी आपापला वृत्तान्त प्रसिद्ध केला, बोस्युए यांनी १६८२ साली आणि क्लोद यांनी १६८३ साली. दोन्हींत कोण निरुत्तर झाले याविषयी एकवाक्यता नाही, हे सांगावयास नकोच.

मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. व्यक्तीला धर्माचा निर्णय करता येतो की नाही, हा वादाचा विषय. आणि त्या वादात न्यायासनावर बसलेली व्यक्ती कोण, तर एक स्त्री, जिला ना धर्मशास्त्राची पदवी, ना कोणत्या सभेचा अधिकार! बोस्युए तिला सांगत होते की, बाई, तू निर्णय करू नकोस, चर्चवर सोपव. पण 'सोपव' हे पटविण्यासाठी त्यांना तिच्याच बुद्धीला आवाहन करावे लागत होते. तिने सोपविले, तेही स्वतः निर्णय करूनच. वकीलपत्रावर सही केल्यानंतर अशील स्वतः उभा राहून बोलत नाही, त्याच्या वतीने वकील बोलतो. परंतु ती एक सही मात्र वकिलाला अशिलाच्या वतीने करता येत नाही. श्रद्धेचेही तसेच आहे. आपण देवळात देवाला कौल लावतो, पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे ते पाहतो, आणि तो निर्णय देवाचा म्हणून शिरोधार्य मानतो. तरीही कोणत्या देवापुढे बसावयाचे, काय विचारावयाचे आणि मिळालेला कौल पाळावयाचा की नाही, हे कौल लावणाऱ्याकडेच राहते. त्यामुळे कौल खोटा ठरत नाही. तो मागणाऱ्याचा ठरतो, एवढेच.

म्हणून बोस्युए यांचा पक्ष मी तुच्छ मानीत नाही. विचारपूर्वक एखाद्या गुरूच्या, परंपरेच्या किंवा पीठाच्या स्वाधीन होणे यात बुद्धीचा अपमान नाही. रोगी निष्णात वैद्याच्या स्वाधीन होतो तेव्हा तो बुद्धी गहाण ठेवीत नसतो. परंतु या स्वाधीनतेचे सारे बळ एका गोष्टीत आहे : ती मोकळ्या संमतीने झाली पाहिजे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याने जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट यांनी मिळविलेली संमती मोकळी मानलेली नाही. गाईम्हशींच्या व्यवहारात जे चालत नाही ते आत्म्याच्या व्यवहारात कसे चालावे?

आणि नेमके तेच फ्रान्समध्ये चालविले गेले. १६८१ पासून पोआतू प्रांतात प्रॉटेस्टंटांच्या घरांत शिपाई मुक्कामास घालून त्यांना धर्म बदलावयास लावण्याचा क्रम सुरू झाला. १५९८ सालच्या नांतच्या फर्मानाने त्यांना मिळालेले संरक्षण चौदाव्या लुईने १६८५ च्या ऑक्टोबरात काढून घेतले. प्रार्थनामंदिरे पाडण्याचा हुकूम सुटला; शारांतोंचे मंदिरही गेले. धर्मोपदेशकांना देश सोडण्यास पंधरा दिवसांची मुदत होती, क्लोद यांना मात्र चोवीस तासांची. ते हॉलंडमध्ये गेले आणि दोन वर्षांत तेथेच वारले. देशत्याग केलेल्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास धरली जाते. ज्या बोस्युए यांनी एका स्त्रीच्या शंकेसाठी समोरासमोर बसून वाद केला होता, त्यांनीच पुढल्या वर्षी एका मंत्र्याच्या अंत्यविधीप्रसंगीच्या भाषणात राजाच्या या कृत्याचा गौरव केला. हे वाचताना मन विषण्ण होते. त्या दिवाणखान्यातील त्यांचा विजय सैनिकांनी नासविला. कारण यापुढे चर्चच्या अधिकारापुढे कोणी नमला, तर तो युक्तिवादाला नमला की तलवारीला, हे कोणालाच सांगता येईना.

बळाच्या समर्थनार्थ लूकच्या शुभवर्तमानातील एका दृष्टान्तात यजमान पाहुण्यांना आग्रहाने आत आणावयास सांगतो, त्या शब्दांचा आधार घेतला जाई. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टिनने डोनाटिस्ट पंथीयांविरुद्ध तो घेतला होता. १६८६ साली पिएर बेल याने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. हा बेल तरुणपणी प्रॉटेस्टंटाचा कॅथलिक आणि दीड वर्षात पुन्हा प्रॉटेस्टंट झालेला; त्याचा भाऊ या छळात तुरुंगात मेला. त्याचे म्हणणे असे की, ज्या अर्थाने अन्याय करणे हे कर्तव्य ठरते, तो अर्थ ईश्वरी वचनाचा असूच शकत नाही. तथापि प्रॉटेस्टंटांचे हातही स्वच्छ नव्हते. १५५३ साली कॅल्व्हिनच्या जिनीव्हात सर्व्हेटस याला मतभेदासाठी जिवंत जाळले होते, हे विसरून चालणार नाही.

आपल्या वाचकांना हा प्रसंग दूरचा वाटू नये. सासष्टीतून आपली दैवते नदीपार अंत्रुजात न्यावी लागली त्यालाही तोच न्याय कारणीभूत होता. आणि १५६० साली गोव्यात बसलेले इन्क्विझिशन तर बोस्युए-क्लोद वादाच्या वेळी भरात होते. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य स्वतः कॅथलिक. पण खाजगी संभाषणात काढलेल्या उद्गारांवरून त्याला दमणमध्ये पकडून गोव्याच्या कोठडीत टाकले, आणि १६७६ साली शिक्षा सुनावली. सुटका झाल्यावर त्याने लिहिलेली हकीकत १६८७ मध्ये हॉलंडातील लायडन येथे छापली गेली, म्हणजे ज्या देशात क्लोद यांनी आश्रय घेतला होता तेथेच. नांतचे फर्मान रद्द झाल्यामागोमाग आलेले हे गोव्याचे पुस्तक प्रॉटेस्टंटांच्या हाती आयतेच साक्षीदार म्हणून पडले, आणि साक्षीदार कॅथलिक असल्यामुळे त्याची साक्ष खोडणे अवघड झाले.

हीच कसोटी दोन शतकांनंतर एका मराठी स्त्रीच्या चरित्रात पुन्हा लागली. पंडिता रमाबाईंनी १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपल्याकडे हलकल्लोळ झाला. आपल्या समाजाच्या स्मरणात तेवढेच राहिले. पुढचे राहिले नाही. ज्या वाँटेजच्या भगिनीसंघात त्या राहिल्या तो अँग्लिकन चर्चमधील, पण आचाराने रोमच्या जवळचा. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा अशी की, बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चचा अधिकार घेतला. रमाबाईंनी ते साफ नाकारले. त्रैक्याचे तत्त्व आपल्याला धर्मग्रंथात दिसेल तेव्हा मानू, असा त्यांचा पवित्रा होता. हिंदुस्थानातील बिशपांनी त्यांच्या अध्यापनाला हरकत घेतली, तेव्हा एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविल्यावर दुसऱ्याचे आपण घेणार नाही, असे त्यांनी कळविले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आपली संस्कृत काय कमी, हेही त्यांनी विचारले! क्लोद यांची बाजू इतक्या रोखठोकपणे मांडणारी व्यक्ती आम्ही धर्मबाह्य म्हणून टाकली, आणि तिकडच्यांना ती उद्धट वाटली.

मात्र न्यायाची तीच पट्टी त्यांनाही लावावी लागेल. १८८९ साली मुंबईत निघालेल्या शारदासदनात धार्मिक तटस्थता राखण्याचे आश्वासन होते. तेथील बालविधवा रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सुहृदांनीही सल्लागार मंडळ सोडले. मुलींवर सक्ती नव्हती, दार उघडे होते, मी फक्त माझे दार बंद करीत नाही, असे रमाबाईंचे म्हणणे. ते खरे मानले तरी प्रश्न उरतोच. जिचे डोके घरच्यांनी भादरले, जिला जगात दुसरा आसरा नाही, अशा बारा-चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या एकमेव आश्रयदात्रीच्या शेजारी मिटलेले डोळे, ही मोकळी संमती म्हणावी काय? मी न्यायासनावर असतो तर होय म्हणावयास कचरलो असतो. आणि तिला त्या दारापर्यंत आणणाऱ्या घरच्यांनाही मी साक्षीसाठी पुकारले असते.

अखेरच्या वर्षांत रमाबाई केडगावला मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करीत बसल्या होत्या. अल्पशिक्षित बायकांना दुसऱ्या कोणाला न विचारता ते वाचता यावे, हा हेतू. १९२२ साली त्या वारल्या, तेव्हा काम पुरे झाले होते. त्याचे खिळे जुळविणाऱ्या आणि ते छापणाऱ्याही मुक्तिसदनातील बायकाच होत्या.