कवटीत सुजायला जागा नसते

जरा टेकून बसा. डोकं दोन्ही तळव्यांत हलकेच धरा. बोटांना हाड लागेल. पाय मुरगळला तर सूज बाहेर फुगते; इथं ती फुगणार कुठं? एवढं मनात धरून सावकाश पुढे चला.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या मातीच्या घरापाशी मन न्या. पावसाळा आहे. भिंतीच्या भेगांत डासाहून बारीक वाळूमाशी बसलेली असते. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला आणि त्याच गावाचं नाव मिळालेला विषाणू अशाच माशीतून पसरतो. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वर झालेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली, बरीचशी दवाखान्यात आणल्यापासून एका दिवसात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या तज्ज्ञांनी बोट दाखवलं ते चांदीपुराकडे.

एक दिवस. या शब्दांपाशी थांबा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

नव्या विषाणूला ओळखून प्रतिपिंडं तयार करायला शरीराला काही दिवस लागतात. तोवर पेशी आरडाओरडा करतात, इंटरफेरॉन आणि दाह पेटवणारी इतर रसायनं सोडतात. उसात रानडुक्कर शिरलं की हाकलणाऱ्यांच्याच पायांखाली ऊस तुडवला जातो, तसं मेंदूत होतं आणि मेंदू सुजतो. दुसऱ्याच एका विषाणूमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वराच्या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तेव्हा जे दगावले त्यांच्यात ही रसायनं जास्त आढळली. प्रतिपिंडं मात्र वाचलेल्यांकडे जास्त होती.

मग दाह दाबून टाकावा, असं मनात येईल. येऊ द्या. थायलंडमध्ये जपानी मेंदूज्वराच्या रुग्णांना स्टेरॉइड देऊन पाहिलं. फायदा दिसला नाही. प्रतिकार कमी हवा की जास्त, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. तो वेळेवर येतो का, हे विचारायला हवं.

आता अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या एखाद्या वॉर्डात चला. खाटेची डोक्याकडची बाजू उचललेली. झटके थांबवणारं औषध, मोजून दिलेलं सलाईन, गरज पडली तर व्हेंटिलेटर. यातलं काहीच विषाणूला मारत नाही. प्रतिपिंडं येईपर्यंत दिवस मिळवले जातात.

काही मुलं घरी जातात. कुणाचा हात लुळा, कुणाला पुन्हापुन्हा झटके, कुणाला शाळेतलं लक्षात राहत नाही. जपानी मेंदूज्वरातून वाचलेल्यांपैकी तिसरा हिस्सा ते निम्मे असे काहीतरी मागे घेऊन जगतात. त्यांच्यापाशी जरा जास्त वेळ बसा. तक्त्यात ती 'बरे झाले' या रकान्यात मोजली जातात.