इतरांचे प्रिय, आपले अप्रिय

सर्वांनी गौरविलेली एखादी गोष्ट आपल्या मनाला भिडली नाही, तर उणीव कोणाची? प्रश्न किरकोळ भासतो. परंतु सत्यनिष्ठा आणि प्रीती या दोन्ही सद्‌गुणांची त्यात कसोटी लागते.

एका व्हिडिओ गेमचे उदाहरण घेऊ. जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९९७ साली प्लेस्टेशनसाठी ‘फायनल फॅन्टसी सेव्हन’ हा खेळ आणला. ग्रहाचा प्राणरस उपसून वीज निर्माण करणारी बलाढ्य कंपनी आणि तिच्याविरुद्ध उभे ठाकलेले मूठभर लोक, अशी त्याची कथा. त्यातील एरिथ या तरुणीच्या मृत्यूने जगभरच्या खेळाडूंना चटका लावला. ही कीर्ती ऐकून आजचा एखादा तरुण मूळ खेळ हाती घेतो आणि हिरमुसतो. चार पावले चालावीत तोच न दिसणारा शत्रू आडवा येतो, पडदा बदलतो आणि पट्टी भरेपर्यंत थांबून यादीतून हुकूम निवडावा लागतो. मदतीला बोलावलेल्या अद्‌भुत शक्तींचे देखावे दर वेळी पुरते पाहावे लागतात. त्यांतील एक तर मिनिटाहून अधिक चालतो. कथा थोर असेल, पण खेळणे कंटाळवाणे, असे त्याला वाटते.

अशा वेळी दोन मोह समोर उभे राहतात. एक, चारचौघांत मिसळण्यासाठी खोटी वाहवा करण्याचा; दुसरा, तो खेळ आवडणाऱ्यांना भाबडे ठरविण्याचा. खेळ हा मनाचा विसावा आहे, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. तो विसावा लाभला नाही, असे म्हणण्यात अपराध नाही. मात्र ‘मला लाभला नाही’ आणि ‘यात तो नाहीच’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले प्रांजळ आहे. दुसऱ्यात अहंकार डोकावतो. निर्मात्यांनी २०२० साली कथेच्या आरंभीच्या भागाला नवे रूप दिले, तेव्हा लढण्याची रीत बदलली. तरीही जुन्या रूपावरील अनेकांचे प्रेम ओसरले नाही.

संत ऑगस्टीन यांनी तारुण्यात सिसेरोचे लेखन वाचून पवित्र शास्त्र उघडले, तेव्हा त्याची साधी भाषा त्यांना क्षुल्लक वाटली. तो आपला गर्व होता, हे त्यांनी पुढे ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात नमूद केले. प्रत्येक निराशेमागे गर्वच असतो असे नव्हे. परंतु आपला पहिला अभिप्राय अखेरचा मानू नये, एवढे त्यावरून निश्चित शिकावे.

हीच गोष्ट आपल्या घरातही घडते. ‘मिस्सा कंटाळवाणी वाटते’, असे मूल म्हणते आणि आपण रागावतो. रागावल्याने ते गप्प होईल, कदाचित ढोंगही शिकेल. त्याच्या मनात आवड मात्र उपजणार नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि आपल्याला तेथे काय गवसले, ते त्याला साध्या शब्दांत सांगावे. मुलानेही आईवडिलांचे प्रेम हसण्यावारी नेऊ नये. एवढे सौजन्य दोन्हीकडून असेल, तर संभाषण उद्याही चालू राहील.